पिंजाऱ्याच्या कट्ट्यावरची रत्नाबाई

कोल्हापुरात शनिवार पेठेतल्या एका बोळात मौलाली पिंजाऱ्याचं घर होतं. त्या घराबाहेरच्या कट्ट्यावर एक जैन बाई वर्षानुवर्षं वाकळा शिवत बसायची. उन्हाळ्यात तोंडावर पदर ओढून, पावसात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन. घरात जागा नव्हती असं नाही. तिला आत घेतलं जात नव्हतं, आणि ती उठून दुसरीकडं जातही नव्हती. तिचं नाव रत्नाबाई. आत राहायची ती मौलालीची बायको जुलेखा, रत्नाबाईची लहानपणापासूनची मैत्रीण.

दोघी कसबा बावड्याच्या. रत्नाचा बाप उसाचा शेतकरी, घर बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, मागं. जुलेखाचा बाप गाद्या भरणारा, त्याचं घर त्याच गल्लीच्या तोंडाशी. रत्ना अंगानं बारीक, हट्टी, जिभेची तिखट. जुलेखा हाडापेरानं थोराड. हसायला लागली की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. एकदा जुलेखाचा परकर रत्नाच्या भरल्या घागरीला लागला. रत्नाच्या आजीनं ते पाणी उकिरड्यावर ओतलं, घागर राखेनं घासायला लावली आणि नातीला पुन्हा नदीवर धाडलं. जुलेखा चार हात अंतर ठेवून तिच्याबरोबर निघाली.

"तू घरला जा की," रत्ना म्हणाली.

"रस्ता काय तुझ्या आजीचा हाय व्हय?" जुलेखा म्हणाली, आणि नदीपर्यंत जाऊन परत आली.

लग्नं झाली ती दोघींचीही कोल्हापुरातच. रत्नाला शुक्रवार पेठेत, गुळाची अडत असलेल्या तात्यासाहेबांच्या घरात दिली. नवरा त्यांचा मुलगा, नाव बाहुबली. सासूला सगळं घर आक्का म्हणायचं. जुलेखा मौलालीच्या घरी आली. दिवाळी झाली की मौलाली आणि ती पेठांतून गाद्या पिंजत फिरायची, आणि तात्यासाहेबांच्या परड्यातही त्यांची एक फेरी व्हायची. आक्कासमोर दोघी ओळख दाखवायच्या नाहीत. आक्का देवळात गेली की रत्ना कापसाजवळ येऊन बसायची आणि दोघींची तोंडं एकदम सुरू व्हायची. जुलेखाला एक मुलगी होती, अमीरबी. ती कापसाच्या ढिगात लोळायची. रत्नाचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं आणि पुढं काही राहिलं नव्हतं. आक्का तिच्यादेखत बाहुबलीच्या दुसऱ्या लग्नाचं बोलायची, बाजारात दुसरी म्हैस घ्यायचं बोलावं तसं.

अशात पलेग आला. घराघरांतून उंदीर पडू लागले. माणसं घरं सोडून गावाबाहेर माळावर खोपी घालून राहू लागली. तात्यासाहेबांनीही गाडी भरली. निघायच्या सकाळी रत्ना उठेना. अंगाची लाही झाली होती. आक्कानं तिच्या काखेत हात घालून बघितलं आणि हात लुगड्याला पुसत बाहेर आली.

"गाठ हाय," ती म्हणाली.

तात्यासाहेबांनी गाडीचं जू एकदा हलवून बघितलं. मग म्हणाले, "सरकारला कळलं तर सगळ्यांस्नी छावणीत नेतील. वखारीला टाळं ठोकतील."

"मग हिचं काय?" बाहुबलीनं विचारलं.

"जगली तर हाईच की. आपण काय मारायला लागलोय व्हय तिला?" आक्का म्हणाली.

बाहुबलीनं बायकोच्या उशाशी पाण्याची कळशी आणि सुपात चुरमुरे ठेवले. "सांजच्याला येतो," असं भिंतीकडं बघत बोलला. रत्नाला शुद्ध होती. तिनं दाराची कडी ऐकली, मग कुलूप ऐकलं, मग गाडीची चाकं ऐकली. तो सांजेला आला नाही आणि दुसऱ्या दिवशीही आला नाही.

माळावर पिंजाऱ्यांच्या खोपी तात्यासाहेबांच्या खोपीपासून फार लांब नव्हत्या. जुलेखानं सगळं घर बघितलं, म्हशीसुद्धा बघितल्या, रत्ना मात्र दिसली नाही. तिनं आक्काला विचारलं.

"माहेरी गेलीया. बावड्याला," आक्का म्हणाली.

जुलेखा आदल्याच दिवशी बावड्याहून आली होती. तिथं रत्नाच्या आईनंच तिला अडवून विचारलं होतं, आमची रत्ना बरी हाय न्हवं? जुलेखानं अमीरबीला मौलालीजवळ दिली, जरा जाऊन येते म्हणाली, आणि रिकाम्या गावात शिरली.

परड्याची भिंत एका जागी ढासळली होती. तिथून ती चढून आत उतरली. रत्ना दारापाशी पालथी पडली होती. कळशी लवंडलेली होती. फळीवर घासून बोटांची नखं फाटली होती. जुलेखानं तिला उताणी केली.

"रत्ने, मी हाय," ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस जुलेखा त्या घरातच राहिली. आडाचं पाणी काढायची, फडक्यानं गाळायची आणि थेंब थेंब पाजायची. तापाच्या भरात रत्ना ओठ मिटून घ्यायची आणि बरळायची, "गाळलंस का?"

"गाळलंय. पी," जुलेखा म्हणायची.

तांदळाची पेज ती दिवस मावळायच्या आत द्यायची, कारण जैनांच्या रीतीप्रमाणं नंतर रत्ना तोंड उघडणार नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं. गाठीवर जवसाचं गरम पोटीस बांधायची. मौलाली शोधत शोधत आला, अमीरबी त्याच्या खांद्यावर होती. तो भिंतीपलीकडूनच म्हणाला, "पोर तुझ्याबिगर जेवत न्हाई."

"तिला मागं न्या. भिंतीला हात लावू नका," जुलेखा म्हणाली. अमीरबी रडत रडत गेली.

गाठ फुटली, ताप उतरला आणि रत्ना डोळे उघडून माणसासारखं बघायला लागली. घरात तांदूळ होते, गूळ होता. "आता उठून शिजवून खा. मी पोरीला बघून येते," असं सांगून जुलेखा भिंतीवरून गेली. नदीवर तिनं अंगावरचं लुगडं जाळलं, डोक्यावरून पाणी घेतलं, माती लावून पुन्हा पाणी घेतलं. मग माळावर गेली आणि अमीरबीला पोटाशी घेतलं. पोरीला लवकरच ताप भरला. गाठ मांडीत आली. तिला पोटीससुद्धा बांधायला सवड मिळाली नाही, इतक्या लवकर ती गेली. मौलालीनं एकट्यानं माती दिली. परत आल्यावर तो जुलेखाला एवढंच म्हणाला, "तू आणलंस." त्यानंतर हा विषय त्यानं तिच्याजवळ कधी काढला नाही.

इकडं रत्ना त्या कुलूपबंद घरात जुलेखाची वाट बघत राहिली. भात शिजवायची, भिंतीकडं बघायची. शेवटी तिनं ठरवलं की जुलेखाही भिऊन पळाली.

उन्हाळ्यात साथ ओसरली आणि घरचे परत आले. बाहुबलीनं कुलूप काढलं तर चुलीपुढं बायको बसलेली. तो दारातच थांबला. त्यांनी सगळ्या पाहुण्यांत ती पलेगात गेल्याचं सांगून टाकलं होतं. बावड्यालाही निरोप गेला होता. अंजना नावाच्या एका पोरीशी त्याचं लग्नही ठरवलं होतं.

आक्कानं घरभर फिरून सगळं काढून घेतलं: कोण आलतं, कुणी पाणी पाजलं, कुणाच्या हातची पेज. रत्नानं लपवलं नाही. मग आक्कानं चूल पाडून नवी घातली.

"मुसलमानाच्या हातचं खाल्लंस. आता तुला सोवळ्यात कशी घ्यायची?" तात्यासाहेब म्हणाले. रागावून नव्हे, समजुतीनं सांगावं तसं.

"कुलूप घातलं तवा सोवळं कुठं ठेवलंतंसा?" रत्नानं विचारलं.

तिला गोठ्याच्या कोपऱ्यात एक घोंगडं दिलं. म्हशींचं शेण काढायचं, वैरण टाकायची, दळायचं. भाकरी परड्यात मिळेल. ती राहिली, कारण कुठं जावं हे तिला सुचलं नाही.

नव्या नवरीसाठी गाद्या भरायच्या होत्या. मौलाली त्या घराची पायरी चढायला तयार नव्हता, म्हणून जुलेखाच पिंजायची कमान खांद्यावर टाकून आली. हे काम बाप्याचं, पण ते तिला येत होतं. ती परड्यात बसली आणि कमानीची तात वाजायला लागली. रत्ना गोठ्यातून आली. तिनं इतके दिवस साठवलेलं ओठांवर आलं.

"जीव वाचवलास आन पळालीस. वाटलं हुतं, तू तरी येशील."

जुलेखा कापूस पिंजत राहिली.

"अमीरबी कुठाय? आणायचीस की. कापसात लोळली असती."

"गेली," जुलेखा म्हणाली.

"कुठं?"

"गाठीनं गेली. मी हितनं गेले, तिला उचलून घेतली, आन तिला ताप आला."

तात वाजतच होती. कापूस उडून दोघींच्या केसांवर बसत होता. रत्ना म्हणाली, "मग मला मरू द्यायचं हुतंस."

"व्हय," जुलेखा म्हणाली. "लई डाव मनात येतं." मग तिनं कमान खाली ठेवली, कापसाचा एक गठ्ठा रत्नाच्या पुढ्यात ढकलला. "बस आता. ह्यो सुटा कर."

बाहुबलीच्या दुसऱ्या लग्नाच्या गाद्या दोघींनी मिळून भरल्या.

अंजना वाईट नव्हती. वयानं पोरगीच होती. आक्काची पाठ फिरली की ती रत्नाला कालवण आणून द्यायची आणि भीतभीत विचारायची, "ताई, तुम्हाला राग येतो का माझा?" रत्ना म्हणायची, "म्हशीला वैरण टाकून येते." पण अंजनाला दिवस गेले तेव्हा आक्काला रत्नाची सावली खुपायला लागली. एका सकाळी आक्कानं गोठ्यातलं घोंगडं गुंडाळून परड्याच्या दाराबाहेर ठेवलं. बाहुबली वखारीत निघाला होता. त्यानं घोंगडं बघितलं, त्याच्या बाजूनं पाय टाकला आणि गेला.

रत्ना बावड्याला चालत गेली. मरणाचा निरोप आल्यावर आईनं अंथरूण धरलं होतं आणि पुन्हा उठली नव्हती. ती गेल्याचं रत्नाला दारात उभी असतानाच कळलं. भाऊ गुंडू ओसरीवर बसला होता.

"आम्ही तुझं सुतक धरलं. तुझ्या नावानं आई गेली. मेल्यालं माणूस परत आलं तर ठेवायचं कुठं, तूच सांग," तो म्हणाला.

त्याच्या बायकोनं परड्यात भाकरी वाढली. रत्नानं ती खाल्ली नाही. आल्या पावली कोल्हापूरला परत आली आणि मौलालीच्या कट्ट्यावर बसली.

जुलेखा दारात आली. तिच्या मागं मौलाली.

"उंबऱ्याच्या आत न्हाई," मौलाली म्हणाला.

"बरं," जुलेखा म्हणाली, आणि घरातून चिंध्यांचं गाठोडं, सुई आणि दोरा आणून कट्ट्यावर ठेवला.

अशी रत्ना वाकळा शिवायला लागली. शेजारी झुंबरबाई म्हणून म्हातारी एकटी राहायची. तिचं दळण दळून द्यायच्या बोलीवर तिनं रात्री ओसरीवर पडायला जागा दिली. चूल मात्र रत्नानं कट्ट्याच्या कडेला तीन दगडांची मांडली. शुद्ध हरपलेली असताना जुलेखाच्या हातची पेज तिनं प्यायली होती, पण शुद्धीवर आल्यावर जुलेखाच्या घरातलं काही ती तोंडात घालत नव्हती. त्या घरात मटण शिजतं, असं ती म्हणायची. तिची पाण्याची कळशी वेगळी होती आणि जुलेखा तिला हात लावत नसे. कधीकधी जुलेखा लांबूनच म्हणायची, "मरताना बरं चाललं गं तुला." रत्ना चुलीत काटकी सारायची.

एरवी दोघींचं बरं चालायचं. वाकळेचं एक टोक जुलेखा उंबऱ्याच्या आतून धरायची, दुसरं रत्ना कट्ट्यावरून, आणि बावड्यातल्या माणसांची नावं काढून दोघी हसायच्या. पण थंडी पडली, अमीरबी गेली ते दिवस आले, की जुलेखाची जीभ फिरायची. ती रत्नाशी बोलायची नाही, आणि बोलली तर सुरीसारखं बोलायची. रत्ना भाकरी खायला बसली की दारात येऊन म्हणायची, "तू गिळतीस त्यो घास माझ्या पोरीचा हाय."

रत्ना घास गिळायची आणि दुसरा मोडायची. जुलेखाला त्यानंतर मूल झालं नाही, त्यामुळं ही थंडी दरवर्षी येत राहिली.

झुंबरबाईला एकदा राहवलं नाही. "कशापायी सोसतीस गं एवढं? कुत्र्यालाबी असं कोण बोलत न्हाई."

"तिनं बोलायचं तरी कुणाला?" रत्ना म्हणाली. "नवऱ्याला बोलती का? देवाला बोलती का? मलाच बोलणार की."

काही वर्षांनी बाहुबली त्या बोळात आला. आता अंगानं सुटला होता, डोक्याला जरीचा रुमाल होता. कट्ट्यापुढं उभा राहून तो चपलेनं माती उकरत राहिला.

"आक्का अंथरुणाला खिळलीया. अंजनाला पोरांचं करून होत न्हाई. तू आलीस तर आक्काचं बघशील. माडीवरची खोली देतो म्हणतात तात्या."

रत्नानं दोरा दातानं तोडला. "तुमची बायकू पलेगात मेलीया. साऱ्या गावाला सांगितलंयसा तुमी."

तो आल्या वाटेनं गेला. आत जुलेखा तोंडात पदर कोंबून हसत होती. मौलालीनं मात्र हात थांबवून पहिल्यांदाच कट्ट्याकडं नीट बघितलं.

मौलालीच्या छातीत जन्मभर कापूस गेला होता. हळूहळू खोकला वाढला, कमान उचलताना हात थरथरू लागले. जुलेखा एकटी पुरी पडेना. एका दुपारी रत्ना कट्ट्यावरूनच म्हणाली, "दाजी, कमान मी वडते."

तो खोकत राहिला. उसंत मिळाल्यावर म्हणाला, "आत या. भायेर कापूस उडतोय."

रत्नानं उंबरा ओलांडला. तो जात्यासारखा घरघरत बाजूला सरकला आणि तिला तात कशी धरायची ते दाखवू लागला. दाखवून झाल्यावर म्हणाला, "बाई, तुमचं तोंड बघितलं की मला माझी पोर दिसती. अजून दिसती. पण पोट भरायचं हाय." त्या दिवसापासून ती रोज आत आली आणि त्यानं तिच्याकडं पाठ करून बसायची जागा धरली. मरेपर्यंत तो तसाच बसला.

तो गेल्यावर रत्ना त्या घरातच राहू लागली. घरात दोन चुली झाल्या. बस्तीतल्या बायका तिला बघून रस्ता बदलायच्या. जुलेखाच्या आळीतल्या बायका तोंडावर गोड बोलायच्या आणि मागून म्हणायच्या, पोरीला खाल्लेली बाई घरात घेतली. दोघी सकाळी कामाला बसायच्या, सांजेला उठायच्या. थंडी आली की जुलेखाची जीभ तशीच फिरायची, आता तर बोलायला घरात तिसरं कोणी नव्हतं.

मानमोडीच्या, खोकल्या-तापाच्या साथीत जुलेखा पडली. रत्नानं तिच्या छातीवर शेक दिला, काढे पाजले, पाठीशी बसून राहिली. कशाचा काही उपयोग झाला नाही. शेवटच्या सकाळी जुलेखानं डोळे उघडून तिला विचारलं, "पोर जेवली का?" रत्ना म्हणाली, "जेवली." त्या दुपारी जुलेखा गेली.

बाप्ये तिला कबरस्तानात घेऊन गेले. बायकांनी मागं जायचं नव्हतं. रत्ना घरात एकटी राहिली.

मौलालीचा पुतण्या मीरासाब आजऱ्याहून आला. घर आता त्याचं होतं. तो आणि त्याची बायको मेहमुदा दोघंही सरळ माणसं होती. मीरासाबनं आधी पाणी प्यायलं, मग रत्नाला बसायला सांगितलं आणि अडखळत विचारलं, "मावशी, राग मानू नका. तुमी काकीच्या कोण लागता? लोक इचारतील, आमी काय सांगायचं?"

बहीण म्हणावं तर कुणी मानलं नसतं. बावड्याची म्हणावं तर बावड्यात तिचं कुणी उरलं नव्हतं.

"तिची पोर माझ्यामुळं मेली," रत्ना म्हणाली. "एवढंच नातं हाय."

मीरासाबनं बायकोकडं बघितलं. मागची कापसाची खोली त्यांनी तिला दिली. ती त्यांच्या वाकळा शिवून द्यायची. त्या वर्षी थंडी पडली तेव्हा रत्ना चुलीपुढं भाकरी घेऊन बसली, तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून राहिली. मेहमुदानं दोनदा विचारलं, मावशी, खाईना झालायसा व्हय? रत्ना म्हणाली, "न्हाई गं. उतरत न्हाई."

कोल्हापूरचे महाराज वारले त्याच वर्षी तिनंही त्या खोलीत प्राण सोडला. बस्तीतली चार माणसं आली, तिला पंचगंगेवर घेऊन गेली. शुक्रवार पेठेतून कुणी आलं नाही. मेहमुदानं खोली शेणानं सारवली, दोन दिवस वाळू दिली आणि तिथं पुन्हा कापूस भरला.